कुंडलिकेचा धडा



"पावसाळी अंकासाठी एखादा प्रवासाचा अनुभव लिहून द्या," असा निरोप शाळेतून आला, तेव्हा प्रथम हसूच आले. मी याच शाळेचा माजी विद्यार्थी. माझी दोन्ही मुलेही इथेच शिकली. पण निबंधात मला कधी दहापैकी सहाच्या वर गुण मिळाल्याचे आठवत नाही. तरीही एक अनुभव असा आहे की, तो आपल्या शाळेतल्या मुलांना सांगावा असे बरेच दिवस मनात होते. त्यात माझी फजिती आहे आणि माझी एक चूकही आहे. ती लपवून लिहायचे तर लिहिण्यात काही अर्थ नाही. म्हणून जसे घडले तसे सांगतो.

गोष्ट जुलै २०१८ ची. पुण्याला माझ्या थोरल्या बहिणीकडे भाऊजींची साठीशांत होती. आम्ही पाच जण निघालो. मी, सौ., पंधरा वर्षांची मुलगी, बारा वर्षांचा मुलगा आणि आमची आई, म्हणजे मुलांची आजी. बालाघाटहून गाडीने गोंदिया आणि गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुणे, असा हजारावर किलोमीटरचा प्रवास. डब्यात आजीच्या डब्यातल्या पुऱ्या आणि लोणचे संपेपर्यंत नागपूर मागे पडले होते.

पुण्याचा कार्यक्रम छान पार पडला. दुसऱ्या दिवशी भाऊजी मुलांना म्हणाले, "इतक्या लांबून आलात, तर चला, तुम्हाला कोकण दाखवतो. कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग करता येतं. रबरी होडीतून उसळत्या पाण्यात जायचं." मुलांनी घर डोक्यावर घेतले. सौ. जरा घाबरली. आजीने विचारले, "पावसाळ्यात नदीत जायचं? आपल्याकडं तर पावसाळ्यात नदीला नुसता नमस्कार करतात."

मी मात्र लगेच तयार झालो. त्याचे कारण सांगायला हवे. माझे बालपण वैनगंगेच्या काठी गेले. वडिलांनी पाठीला सुका भोपळा बांधून मला पोहायला शिकवले. दहाव्या वर्षी तो भोपळा सुटला आणि पुढची कित्येक वर्षे उन्हाळ्याची प्रत्येक दुपार मी नदीत काढली. त्यामुळे आपल्याला पाणी कळते, असा माझा पक्का समज होता. मी आजीला म्हटले, "अगं, वैनगंगेत वाढलेला माणूस मी. ही कोकणातली नदी ती केवढीशी!"

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

भाऊजींच्या गाडीतून आम्ही मुळशीमार्गे ताम्हिणी घाटाने निघालो. घाटात दर वळणावर धबधबा. डोंगर तर पाण्यानेच बनल्यासारखे दिसत होते. मुळशी धरणाच्या फुगवट्यापाशी भाऊजींनी गाडी थांबवली. ते वीज खात्यातून निवृत्त झालेले. शिकवण्याची हौस दांडगी. ते मुलांना म्हणाले, "हे पाणी नीट बघून ठेवा. उद्या तुम्ही याच पाण्यावर बसणार आहात."

मुलांना काही कळेना. मग त्यांनी समजावले. मुळशीचे धरण मुळा नदीवर आहे. नदी आपल्या मार्गाने गेली असती तर हे पाणी पूर्वेला, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचले असते. पण टाटांच्या कंपनीने ते अडवून बोगद्यातून आणि मोठ्या नळांतून सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला, जवळजवळ पाचशे मीटर खाली भिऱ्याला सोडले. तिथल्या वीजघरात १९२७ पासून वीज तयार होते आहे. वीज काढून घेतलेले पाणी खाली रवाळज्याकडून कुंडलिकेत येते आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. म्हणून इतर नद्या उन्हाळ्यात आटल्या तरी कुंडलिकेत पाणी सोडले जाते आणि तिथे बारा महिने राफ्टिंग चालते.

"म्हणजे या पाण्याने समुद्रच बदलला!" मुलगी म्हणाली.

"समुद्र बदलला, आणि माणसांची गावंही गेली," भाऊजी म्हणाले. या धरणाखाली मावळातली पन्नासच्या आसपास गावे बुडाली. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी होते आणि 'सेनापती' ही पदवी त्यांना याच लढ्यामुळे मिळाली. धरण काही थांबले नाही; पण जगातल्या पहिल्या धरणविरोधी लढ्यांपैकी एक म्हणून मुळशीच्या सत्याग्रहाचे नाव आजही घेतले जाते. सेनापती बापट हे नाव मुलांना माहीत होते. ते कशामुळे 'सेनापती' झाले हे मात्र त्या दिवशी त्या पाण्यासमोर उभे राहून कळले.

संध्याकाळी कोलाडजवळ नदीकाठच्या एका मुक्कामी पोहोचलो. मराठी पाट्या, मराठी बोलणारे दुकानदार, सगळेच मराठी, याचे मुलांना फार अप्रूप. तिथल्या माणसांना उलट आमचे अप्रूप. राफ्टिंगचा मार्गदर्शक म्हणून आलेला तरुण आसपासच्याच गावचा होता. त्याने विचारले, "बालाघाट म्हणजे मध्य प्रदेश ना? मग मराठी कसं काय येतं?" मुलाने छाती पुढे काढून सांगितले, "आमच्या कित्येक पिढ्या तिथंच आहेत. १९५६ पर्यंत नागपूर आणि बालाघाट एकाच राज्यात होतं." सातवीतल्या मुलाचे हे उत्तर ऐकून मला आपल्या शाळेचा अभिमान वाटला. फक्त 'रपटा' म्हणजे काय ते त्या दादाला कळेना. ओढ्यावरून जाणारा, कठडा नसलेला बुटका पूल, असे समजावून सांगावे लागले.

रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी आम्ही तयार होऊन उभे, तर दादा म्हणाला, "आज बंद. पाणी फार आहे."

मी नदीकडे बघितले. तांबूस, जड पाणी आवाज करत चालले होते. मधूनच एखादी फांदी वाहत येई. तरी मला राग आला. मी म्हटले, "अहो, हजार किलोमीटरवरून आलो आहोत आम्ही. थोडं पाणी वाढलं तर काय होतं? मला चांगलं पोहता येतं."

तो शांतपणे म्हणाला, "काका, धरणाचं पाणी किती सोडायचं ते ठरलेलं असतं. पण पावसाळ्यात ओढे-नाले वरून किती आणतील ते कोणी ठरवत नाही. दगड पाण्याखाली गेले की, लाट कुठं उठेल ते मलाही सांगता येत नाही. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला, पाणी उतरले आणि होकार मिळाला. नदी तरीही फुगलेलीच होती.

जाण्याआधी प्रत्येकाचा फॉर्म भरायचा होता. नाव, वय, काही आजार आहे का, अशी माहिती. तिथे पाटी लावलेली होती: १४ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. मुलाचा चेहरा पडला. दोन दिवस तो याच्याच गोष्टी बोलत होता. माझ्याही जिवाला लागले. मुलगा अंगापिंडाने उंच. बारा वर्षांचा वाटत नसे. मी त्याला बाजूला घेतले आणि हळूच म्हटले, "विचारलं तर चौदा सांग."

तो काही बोलला नाही. दादा जॅकेटे वाटत आमच्यापाशी आला. त्याने मुलाला विचारले, "वय किती रे तुझं?"

मुलाने माझ्याकडे बघितले, मग जमिनीकडे बघितले आणि म्हणाला, "बारा."

मला काय करावे ते सुचेना. मी उगाच हसलो. म्हटले, "अहो, तब्येतीनं चांगला आहे. काही होत नाही त्याला." दादाने मला एका शब्दानेही दुखावले नाही. तो मुलासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "हे बघ, हे जॅकेट तुला सैल होणार. पाण्यात पडलास की ते वर सरकणार आणि तू खाली जाणार. दोन वर्षांनी ये. तेव्हा तुला पुढच्या जागेवर बसवतो."

मुलगा आजीचा हात धरून उभा राहिला. डोळ्यांत पाणी होते. आणि इथे मी माझी चूक सांगतो. त्याला जवळ घेण्याऐवजी मी चिडून बोललो, "झालं समाधान? एक शब्द खोटा बोलला असतास तर काय बिघडलं असतं? आता बस काठावर!" तो काही न बोलता भाऊजींच्या गाडीत जाऊन बसला. भाऊजी, आजी आणि तो गाडीने खालच्या टोकाला येणार होते, आम्ही तिघे नदीतून.

निघण्यापूर्वी दादाने अर्धा तास शिकवले. वल्ह्याची टी आकाराची मूठ एका हाताने कायम झाकून धरायची, नाहीतर ती शेजाऱ्याच्या दातावर बसते. पायाचा पंजा होडीच्या आडव्या फुग्याखाली नीट अडकवायचा. तीच तुमची बैठक. 'फॉरवर्ड' म्हटले की पुढे वल्हवायचे, 'बॅक' म्हटले की उलटे, 'स्टॉप' म्हटले की हात थांबवायचे आणि 'गेट डाऊन' म्हटले की वल्हे सावरून होडीच्या तळाशी बसायचे. जॅकेटचे सगळे पट्टे घट्ट आवळायचे. शेवटी त्याने विचारले, "पाण्यात पडलात तर काय करायचं?"

"पोहायचं," मी म्हणालो.

"नाही काका. आधी उताणं व्हायचं. पाय पुढं, प्रवाहाच्या दिशेनं, आणि बोटं पाण्याच्या वर. समोर दगड आला तर डोक्याआधी पाय लागले पाहिजेत. आणि काही झालं तरी वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. दगडाच्या फटीत पाय अडकला की पाणी माणसाला पुढं ढकलतं आणि कमरेएवढ्या पाण्यातही तोंड बुडतं. आडवं झाड दिसलं तर त्यापासून लांब जायचं. फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो."

मुलगी हे सगळे मान डोलावत ऐकत होती. मी, खरे सांगायचे तर, अर्धेच ऐकत होतो. जॅकेट पोटावर आवळत होते म्हणून दादाची पाठ वळताच मी खालचा पट्टा सैल केला. गुडघा दुखतो म्हणून पाय फुग्याखाली नुसता टेकवून ठेवला.

आमच्या होडीत आम्ही तिघे, मुंबईची चार कॉलेजची मुले आणि मागे दादा. सोबत एका छोट्या होडीत एक जण सुटकेसाठी होता. पहिला अर्धा तास स्वर्गच होता. दोन्ही काठांना हिरवी गर्द झाडी, वर धुके, मध्ये पाणी. पहिली उसळी आली तेव्हा होडीचे नाक वर गेले आणि दाणकन खाली आले. सगळ्यांच्या अंगावर पाणी! सौ. मोठ्याने ओरडली आणि मग हसत सुटली. इतकी मोकळी हसताना मी तिला बऱ्याच वर्षांनी पाहिले. मला काठावर राहिलेला मुलगा आठवला आणि बोललेले शब्द आतून टोचू लागले.

चौथी की पाचवी उसळी असेल. पुढे पाणी एका मोठ्या दगडावरून घसरून खाली पांढरे फेसाळत होते. दादा ओरडला, "गेट डाऊन!" सौ. बसली, मुलगी बसली, पोरे बसली. मी वाकून पुढे बघत राहिलो. पुढच्याच क्षणी होडी एका बाजूने उचलली गेली आणि मी हवेत होतो.

पाण्यात पडल्यावरची पहिली गोष्ट आठवते ती आवाजाची. वरचा सगळा कोलाहल एकदम बंद झाला आणि कानांत नुसता घुमारा. मग डोके वर आले. पण समोर काही दिसेना. सैल सोडलेले जॅकेट वर सरकून नाकापर्यंत आले होते. 'जॅकेट वर सरकणार आणि तू खाली जाणार', हे माझ्या मुलाला सांगितलेले वाक्य माझ्याच बाबतीत खरे होत होते. मी वैनगंगेत मारत असे तसे हात मारू लागलो. पण पाण्यात इतका फेस होता, इतकी हवा मिसळलेली होती, की हाताला काही लागतच नव्हते. नाकातोंडात पाणी गेले. उजवी नडगी दगडावर आपटली. चाळीस वर्षांचे माझे पोहणे दहा सेकंदांत संपले.

तेवढ्यात आवाज आला. मुलीचा. "बाबा, पाय वर! पाय वर करा!"

तो आवाज मी जन्मभर विसरणार नाही. त्यात रडणे नव्हते, हुकूम होता. मी हात मारायचे सोडले, उताणा झालो, पाय वर केले. आणि काय सांगू, त्याच पाण्याने मला उचलून धरले. श्वास मिळाला. दादाने दोरीची पिशवी फेकली होती. ती खांद्याजवळ पडली. मी दोर धरला. त्यांनी ओढत होडीपाशी आणले आणि दादाने दोन्ही खांद्यांवरून जॅकेट धरून मला आत घेतले. सगळे मिळून मिनिटभर लागले असेल. मला तो तासभर वाटला.

होडीच्या तळाशी पडल्या पडल्या माझ्या मनात एकच विचार आला. माझे ऐकून तो 'चौदा' म्हणाला असता, तर माझ्या शेजारी बसला असता. होडी माझ्याच बाजूने उचलली गेली होती.

दादाने माझा सैल पट्टा बघितला. त्याने तो आवळला, एवढेच. बोलला काही नाही. उरलेला सगळा मार्ग मी त्याचा शब्द खाली पडू दिला नाही.

खालच्या टोकाला आजी, भाऊजी आणि मुलगा वाट बघत उभे होते. मुलगा धावत आला. सकाळचा राग त्याच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता. "बाबा, मजा आली का? किती मोठ्या लाटा होत्या?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी त्याला जवळ घेतले. मग तिथेच, टपरीवर चहा घेताना, सगळ्यांसमोर त्याला सांगितले, "सकाळी मी तुला खोटं बोलायला सांगितलं, ते चुकलं माझं. तू खरं बोललास ते बरोबर केलंस. आणि तुला रागावलो, ते त्याहून जास्त चुकलं."

तो लाजला. आजी चहाची बशी खाली ठेवून म्हणाली, "पोरगा खरं बोलला, म्हणून माझ्याजवळ सुखरूप होता. आता पुरे. चहा पी, थंड होतोय."

मुलांनो, गोष्ट इथे संपली असती तर ती एक सहलीची आठवण म्हणून राहिली असती. पण तिचा खरा उपयोग दोन वर्षांनी झाला, आपल्याच बालाघाटात.

ऑगस्ट २०२० च्या अखेरचे दिवस मोठ्यांना आठवत असतील. शिवनी जिल्ह्यात मुंडारा गावापाशी उगम पावणारी आपली वैनगंगा एरवी शांत. तिच्यावर छपाऱ्याजवळ भीमगडचे धरण, म्हणजे संजय सरोवर. त्या वेळी पाऊस इतका झाला की, धरणाचे दरवाजे उघडावे लागले. बालाघाट जिल्ह्यात नदीकाठच्या गावांत पाणी शिरले आणि तेच पाणी पुढे गोंदिया, भंडारा, गडचिरोलीपर्यंत पसरले. पुढे ही नदी वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीत जाते. म्हणजे वरच्या गावाने पाहिलेला पूर खालच्या कितीतरी गावांच्या वाट्याला येत असतो.

आमचे थोडे धानाचे शेत आहे. शेतावर मोटारपंप होता. तो काढून आणला नाही तर बुडणार, हे दिसत होते. मी मोटारसायकल काढली. मुलगा चौदा वर्षांचा झाला होता. हाताशी असावा म्हणून त्याला मागे बसवले. वाटेतल्या नाल्याच्या रपट्यावरून पाणी चालले होते. फार नव्हते, घोट्याच्या वर असेल. आमच्यासमोर दोन-तीन जण गाड्या ढकलत पलीकडे गेले. मीही गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.

मागून आवाज आला, "बाबा, थांबा. मी उतरतो."

"अरे, लोक जात आहेत की!"

"जाऊ देत. पाण्याचा रंग बघा. आणि कुंडलिकेला दादा काय म्हणाला होता? ओढे वरून किती आणतील ते कोणी ठरवत नाही." तो खाली उतरून उभा राहिला. सकाळी 'बारा' म्हणताना जसा जमिनीकडे बघत होता, तसा आता बघत नव्हता. सरळ माझ्या डोळ्यांत बघत होता.

आम्ही गाडी वळवून चढावर उभी केली आणि थांबलो. अर्ध्या-पाऊण तासात त्या रपट्याच्या कडेचे दगडी खुंटही दिसेनासे झाले. पलीकडे गेलेल्यांना दोन दिवस तिकडेच अडकून पडावे लागले. आमचा पंप बुडाला. तो दुरुस्त होण्यापलीकडे गेला आणि नवीन घ्यायला त्या कोरोनाच्या वर्षात पैशांची बरीच ओढाताण झाली. पण आम्ही दोघे घरी आलो. आजीने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला.

त्या रात्री मुलीने भावाला भौतिकशास्त्र शिकवले, ते मीही ऐकले. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणूनच वेगाने वाहणारे सहा इंच पाणीसुद्धा धडधाकट माणसाचे पाय उचलू शकते. फूटभर पाणी लहान मोटार वाहून नेऊ शकते आणि दोन फूट पाण्यात बहुतेक वाहने तरंगत जाऊ शकतात. रपट्यावरचे पाणी किती खोल आहे एवढेच आपण बघतो; ते किती वेगाने चालले आहे आणि खालचा रस्ता अजून शाबूत आहे की वाहून गेला, हे वरून दिसत नाही.

आज या गोष्टीला सात-आठ वर्षे झाली. आजी आता नाही. मुलगी शिक्षण पुरे करून नागपूरला नोकरीला आहे, मुलगा कॉलेजात. पाऊस सुरू झाला की गांगुलपाऱ्याला, नदीच्या घाटावर, धबधब्यांवर आपल्या मुलांची गर्दी होते. जाऊ नका असे मी म्हणणार नाही. पाण्याचा आनंद मोठा आहे, तो घ्यायलाच हवा. पोहायला जरूर शिका. पण संथ पाण्यातले पोहणे आणि पुरातले पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात असू द्या. नदीचा रंग बदलला, पाण्यात काड्या-पाने येऊ लागली, आवाज वाढला की लगेच वर या. वर कुठेतरी पाऊस झाला आहे, असे ती सांगत असते. बुडणाऱ्याला वाचवायला स्वतः उडी मारण्याआधी दोर, काठी, साडी, रिकामा बंद डबा, जे हाताशी असेल ते फेका. आणि रपट्यावरून पाणी चालले असेल तर थांबा. पलीकडचे काम उद्याही होते.

पालकांना एवढेच सांगावेसे वाटते. आपली मुले खरे बोलावीत म्हणून आपण त्यांना शाळेत पाठवतो आणि प्रवासात अर्धे तिकीट वाचावे म्हणून त्यांचे वय कमी सांगायला लावतो, कुठे प्रवेश मिळावा म्हणून जास्त सांगायला लावतो. मीही तेच करत होतो. माझ्या मुलाने त्या दिवशी माझे ऐकले नाही, ही माझ्यावर मोठी कृपा झाली.

दादाने सांगितल्याप्रमाणे 'दोन वर्षांनी' आम्हाला कोलाडला जाता आले नाही. २०२० साली सगळेच बंद होते. पण मुलाने तो शब्द सोडलेला नाही. यंदा दिवाळीच्या सुट्टीत तो बहिणीला घेऊन जाणार आहे. मला विचारत होता, "बाबा, येणार का?"

मी हो म्हटले आहे. या वेळी पट्टा घट्ट बांधीन.

– एक पालक व माजी विद्यार्थी, बालाघाट